टॅबवर भागत नाही

दिवाळीच्या तोंडावर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बोनसचे करार होतात, पैसे खात्यावर पडतात आणि घरोघरी एकच सल्ला फिरू लागतो. कॉम्प्युटरच्या नादी लागू नका, एक बरासा टॅब घ्या. मुलांचा अभ्यास त्यावर होतो, आजीला कीर्तन ऐकता येते, गावी जाताना पिशवीत मावतो, पुस्तके वाचायची तर तीही त्यातच. वीस हजारांच्या आत घरादाराची सोय. हा सल्ला फक्त दुकानदार देतात असे नाही. शिक्षक देतात, शेजारी देतात, कंपनीच्या बसमध्ये बाजूला बसलेला सहकारी देतो, आणि बहुतेक वेळा आपुलकीनेच देतो. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. देशात दुसरीकडे कुठे हा सल्ला चालून जाईलही. या पट्ट्यात तो महागात पडतो.

सल्ल्याची बाजू आधी नीट मांडू. टॅब हलका असतो, एका चार्जिंगवर आठ-दहा तास चालतो, सुरू व्हायला वेळ लावत नाही. त्याला टेबल लागत नाही, आणि चिखली-मोशीच्या वन बीएचकेमध्ये किंवा चाकणच्या भाड्याच्या खोलीत टेबलाला जागा कुठून काढायची हा प्रश्न खराच आहे. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे तास चालवताना ज्या घरांची ओढाताण झाली, त्यांना मोठ्या पडद्याचा टॅब म्हणजे सुटका वाटली. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या वाक्यात: आता घरात कॉम्प्युटरची गरज उरली नाही.

हे वाक्य बाजाराने शिकवलेले आहे. २०१० मध्ये आयपॅड आला तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली वस्तू म्हणून. पाच वर्षांनी आयपॅड प्रो आणताना ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी लोक आता पीसी घेतीलच कशाला, असा सवाल जाहीरपणे केला. २०१७ च्या जाहिरातीत तर दिवसभर आयपॅड घेऊन हिंडणारी मुलगी शेवटी विचारते, कॉम्प्युटर म्हणजे काय? हे विचारणारी कंपनी आजही मॅक विकते, आणि आयपॅडची ॲप्स ज्यात लिहिली जातात ते एक्सकोड मॅकवरच चालते. सरकारी मोजणीनेही या गोंधळात भर घातली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर असल्याचे दिसले; शहरांत २३.४ टक्के, खेड्यांत ४.४ टक्के. पण त्या मोजणीत डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या पंक्तीला टॅबही कॉम्प्युटर म्हणूनच बसवला होता. कीबोर्डवर बसून काम करता येईल अशी घरे याहून कमीच होती.

आता या पट्ट्यातले काम कशावर चालते ते पाहू. भोसरीच्या शेडमधले एखादे वर्कशॉप घ्या किंवा चाकणच्या फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा यांच्या कारखान्यांना माल पुरवणारा मोठा व्हेंडर घ्या. पार्टचे ड्रॉइंग सॉलिडवर्क्स, कॅटिया नाहीतर ऑटोकॅडमध्ये होते. सॉलिडवर्क्स आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचे तर विंडोज लागते. ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर चालते. टॅबवरचे त्याचे ॲप ड्रॉइंग उघडून बघायला, मापे घ्यायला, किरकोळ दुरुस्ती करायला बरे. व्हीएमसी मशीनसाठी प्रोग्रॅम काढून देणारे मास्टरकॅम विंडोजवर. लाइनवरची यंत्रे चालवणाऱ्या सीमेन्स पीएलसीचे प्रोग्रॅमिंग ज्यात करतात ते टीआयए पोर्टल विंडोजवर. वर्कशॉपच्या ऑफिसात बिले आणि जीएसटीचा हिशेब ज्यात ठेवतात ते टॅलीही मुळात विंडोजचेच. महापालिकेची निविदा ऑनलाइन भरायची तर डिजिटल सहीचे यूएसबी टोकन कॉम्प्युटरला लावावे लागते. जिथे पोटापाण्याचे जवळजवळ प्रत्येक काम या यंत्रावर चालते, तिथल्याच घरांना ते यंत्र नको असे सांगितले जात आहे.

ब्राउझरमध्ये चालणारे ऑनशेपसारखे कॅड टॅबवरही उघडते, असे यावर कुणी म्हणेल. उघडते, आणि चांगले चालते. पण नोकरीच्या जाहिरातीत नाव असते ते सॉलिडवर्क्सचे, कॅटियाचे, ऑटोकॅडचे. शिवाय माऊसच्या टोकाने भोकाची कड जितक्या नेमकेपणाने पकडता येते तितकी बोटाने येत नाही, हे दोन्ही वापरून पाहिलेल्या कुणालाही पटेल.

कीबोर्ड जोडा, माऊस जोडा, मग टॅबचाच लॅपटॉप होतो, हा दुसरा युक्तिवाद. टॅब पंधरा हजारांचा, वर कीबोर्डचे कव्हर, वर माऊस, झालेच तर पेन. बेरीज केली की वापरलेल्या साध्या लॅपटॉपच्या घरात जाते आणि आत चालणारी ॲप्स मात्र मोबाइलचीच राहतात.

एक काम जवळून पाहू. क्वालिटी विभागातल्या ट्रेनीकडे ग्राहक कंपनीची तक्रार आली आहे: एका बॅचमधल्या बुशचा आतला व्यास टॉलरन्सच्या बाहेर. उद्या सकाळपर्यंत तक्रारीचे कारण आणि उपाय मांडणारा ८डी रिपोर्ट हवा. फाइल एक्सेलची, ग्राहकानेच ठरवून दिलेल्या नमुन्यातली. तिच्यात सात-आठ शीट, ड्रॉपडाउन, आणि एक बटण. ते दाबले की टाकलेल्या मोजमापांचा आलेख आपोआप तयार होतो. त्या बटणामागे मॅक्रो असतो. टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. बटण दिसते, दाबले तर काही होत नाही. टॅबचा पडदा १०.१ इंचांपेक्षा मोठा असेल तर फाइलमध्ये बदल करायलाच मायक्रोसॉफ्टची वर्गणी लागते. पुढे फिशबोन आकृतीच्या चौकटींत कारणे भरायची आहेत. बोटाने चौकट धरायला जावे तर अख्खे शीट सरकते. एका बाजूला ड्रॉइंगची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला शीट असे उघडता येते, पण दहा इंचांत दोन्ही अर्धी होतात आणि ड्रॉइंगवरचे टॉलरन्स वाचायला पुन्हा मोठे करावे लागते. रात्री साडेअकराला ट्रेनी टॅब बाजूला ठेवतो आणि पहाटे लवकर निघून कंपनीतला पीसी कुणी बसायच्या आत धरायचा, असे ठरवतो. घरात साधा लॅपटॉप असता तर हे काम तास-दीड तासाचे होते.

याच ट्रेनीने एवढे सगळे शिकायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये, निगडी-आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत लॅब आहेत. पण लॅबचा तास ठरलेला असतो. कॅड हात बसल्याशिवाय येत नाही, आणि हात रोजच्या सरावानेच बसतो. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागते असेही नाही. फ्रीकॅड हे पूर्ण मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ऑटोडेस्कचे फ्यूजन वैयक्तिक वापरासाठी काही मर्यादा घालून फुकट मिळते. दोन्ही कॉम्प्युटरवर बसवायची. टॅबवर ती बसत नाहीत.

परीक्षांचेही तेच आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होतात. मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत कुठेही लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द टायपिंगचे प्रमाणपत्र लागते, आणि ती परीक्षा कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरच होते. काचेवर अंगठ्याने टाइप करणाऱ्याचा वेग कितीही असो, तो इथे कामाला येत नाही.

घरात यंत्र असण्या-नसण्याने किती फरक पडतो, याचा पुरावाही आहे. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना भेटून माहिती घेतली. स्मार्टफोन जवळपास प्रत्येक घरात होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप होता अवघ्या ९ टक्क्यांच्या घरी. ज्यांच्या घरी होता त्यांतल्या ८५ टक्क्यांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांत हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होते. एमएस-सीआयटीचा कोर्स झाला म्हणजे पुरे, असे मानणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

टॅब वाटून शिक्षण पुढे नेण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत आणि त्यांचा अनुभव हाताशी आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ हा स्वस्त टॅब आणला. सात इंची पडदा, तोही बोट दाबूनच चालणारा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. देशभर गाजावाजा झाला आणि वापरणाऱ्यांची निराशा झाली. पुढचा आकाश-२ आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक यांच्या गटाने सुधारून घेतला. त्या गटाने केलेली एक गोष्ट फार बोलकी आहे: सी, पायथन, सायलॅब यांचे प्रोग्रॅम टॅबवर लिहिता यावेत, अशी साधने त्यांनी त्यात घातली. टॅब देशभरच्या कॉलेजांत पोचवू पाहणाऱ्या जाणकारांनाही त्यातून कॉम्प्युटरचे काम काढून घ्यावेसे वाटले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, ते दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी. हेतू चांगला होता, पण त्या टॅबचे काम मुख्यतः पाठ्यपुस्तक दाखवणे हेच होते. आज महाज्योती ही राज्याची संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देते. व्याख्याने ऐकायला तो टॅब उपयोगी आहे आणि ज्यांना तो मिळाला त्यांच्यासाठी ती मोठी मदत आहे. मात्र व्याख्याने टॅबवर ऐकलेली ही मुले जेईई आणि सीईटीला कॉम्प्युटरसमोरच बसणार आहेत.

याउलट एक उदाहरण पिंपरीतच आहे. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पिंपरीचा प्रकल्प १९६६ मध्ये उभा राहू लागला. पहिले व्यापारी वाहन तिथून बाहेर पडायला १९७७ उजाडले. मधल्या वर्षांत टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या आग्रहाने तिथे यंत्रे बनवणारा विभाग उभा राहिला आणि प्रशिक्षण केंद्रातून कामगार घडत गेले. आधी हत्यारे आणि हात, मग माल. आजच्या पिंपरी-चिंचवडच्या कारागिरीचा पाया असा घातला गेला. पगारातून चार पैसे बाजूला काढून घरात पहिले यंत्र आणताना हाच क्रम धरायला हवा. ज्यावर काही बनवता येते ते आधी.

प्रवासाचा मुद्दा टॅबवाल्यांचा आवडता आहे, आणि तिथेच त्यांची बाजू सर्वांत लंगडी आहे. इथला रोजचा प्रवास म्हणजे पुणे-लोणावळा लोकल, कंपनीची बस, नाहीतर पिंपरीहून स्वारगेटला जाणारी मेट्रो. सकाळी चिंचवड किंवा आकुर्डीला लोकलमध्ये चढणाऱ्याचा एक हात दांड्याला असतो. दुसऱ्या हातात फोन मावतो, दहा इंची टॅब नाही. चाकणच्या रस्त्यावर, तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये टॅबवर सिनेमा बघता येईल, पण फोनवरही तो दिसतोच. ज्याच्या खिशात सहा-साडेसहा इंचांचा फोन आहे त्याला टॅबमुळे प्रवासात नवीन काहीच मिळत नाही.

कामासाठी फिरणाऱ्यांचे तर विचारूच नका. इथल्या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर साणंदला, होसूरला, वाळूजला, रांजणगावला जातात. बंद पडलेल्या मशीनच्या पॅनेलला केबल लावून पीएलसीतला प्रोग्रॅम वाचायचा तर त्यांना लॅपटॉपच लागतो, आणि तो ते नेतातच. 

राहता राहिला ई-रीडर. टॅब असताना वेगळा ई-रीडर म्हणजे पैशाचा चुराडा, असे टॅबवाले म्हणतात. ज्याला खरेच वाचायचे आहे त्याच्या बाबतीत हे चूक आहे. ई-इंकचा पडदा मागून उजेड फेकत नाही. काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेने वरखाली होतात, अक्षर उमटते आणि पान उलटेपर्यंत तसेच राहते. वीज लागते ती पान बदलताना आणि समोरचा दिवा लावला तर त्याला. त्यामुळे एका चार्जिंगवर काही आठवडे जातात आणि बसच्या खिडकीतल्या रणरणत्या उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. वाचताना मध्येच व्हॉट्सॲपचा संदेश डोकावत नाही, हा फायदा वाचणाऱ्याने कमी लेखू नये.

तीन शिफ्टच्या या पट्ट्यात झोपेचाही विचार करावा लागतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रात्री झोपण्यापूर्वी आयपॅडवर वाचणारे आणि छापील पुस्तक वाचणारे यांची तुलना केली. आयपॅडवाल्यांना झोप लागायला जास्त वेळ लागला आणि सकाळी सुस्ती जास्त राहिली. प्रयोग अवघ्या बारा जणांवरचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री घरी येणाऱ्याने झगझगीत पडदा डोळ्यांसमोर धरू नये, एवढे सांगायला तो पुरेसा आहे.

तरीही मराठी वाचकाने ई-रीडर डोळे झाकून घेऊ नये, कारण इथे एक अडचण आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळू लागली, अक्षर लहानमोठे करता येते, जोडाक्षरे नीट दिसतात. परंतु मराठीत फुकट किंवा स्वस्तात मिळणारा फार मोठा साठा पीडीएफमध्ये आहे. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके पीडीएफ, बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ, जुन्या पुस्तकांचे स्कॅन पीडीएफ. पीडीएफचे पान ठरलेल्या मापाचे असते. ए-४ पान ८.२७ इंच रुंद. सहा इंची ई-रीडरचा पडदा रुंदीला साडेतीन इंचांच्या आसपास. पूर्ण पान त्यात बसवले की १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ५ पॉइंटचे उरते, औषधाच्या पुडीवरच्या छपाईइतके. मोठे करायला जावे तर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ढकलत वाचावी लागते. दहा इंची टॅबवर तेच अक्षर ८ पॉइंटच्या जवळपास दिसते आणि वाचता येते. त्यात जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बनवलेल्या पीडीएफ असल्या तर मजकूर सुटा काढून अक्षर वाढवायची सोयही हाती लागत नाही. बुकगंगावर विकत घेतलेली ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाही.

मग ई-रीडर कुणी घ्यावा? ज्याचे वाचन मुख्यतः कथा-कादंबऱ्यांचे आहे, इंग्रजीही चालते, आणि जो ईपब फाइल मिळवून त्यात टाकायला शिकेल, त्याने. विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी आहे, तुकोबांची गाथा आहे, आणि ती ईपबमध्ये उतरवता येते. देहू-आळंदीच्या परिसरातला, रोज कंपनीच्या बसमध्ये तासभर बसणारा वाचक या सोयीचे सोने करील. पण २०२५ मध्ये भारतात आलेला किंडल पेपरव्हाइट १६,९९९ रुपयांचा होता. महिन्याला एकही पुस्तक न वाचणाऱ्याने तेवढे पैसे घालू नयेत. शिवाय किंडलवर घेतलेले पुस्तक आपले होते का, हेही तपासून घ्यावे. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली आणि नंतर माफी मागितली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलवर टाकण्याची सोयही त्यांनी बंद केली.

टॅब कुणाला योग्य, याचे उत्तर आता सरळ देता येते. टेल्को किंवा हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेल्या, चष्म्याचा नंबर वाढलेल्या आजोबांना ई-पेपर वाचायला आणि परदेशातल्या नातवाचा चेहरा मोठा बघायला टॅबइतके सोपे काही नाही. स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ वाचून त्यावर खुणा करणाऱ्याला तो उपयोगी आहे. चित्रे काढणाऱ्या मुलीला पेनसह टॅब द्यावाच. शॉप फ्लोअरवर चेकलिस्ट भरायला कारखानेही टॅब वापरतात. या सगळ्यांत माणूस ठरलेला आहे आणि काम ठरलेले आहे. ‘घरात सगळ्यांसाठी एक’ म्हणून आणलेला टॅब मात्र घरातल्या सर्वांत लहान पोराच्या हाती जातो आणि त्यावर कार्टून चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही पडद्याची कमाल मर्यादा सांगितली आहे, तीही जितकी कमी तितकी बरी म्हणून. आई-वडील दोघेही शिफ्टला जाणाऱ्या घरात ती पाळणे किती कठीण जाते, हे त्या घरांना सांगायला नको.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. नवा लॅपटॉप चाळीस हजारांचा, तो कुठून आणायचा? त्याचे उत्तर वापरलेल्या मालात आहे. कंपन्या तीन-चार वर्षे वापरून लॅपटॉप बदलतात, आणि डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक यांसारखी दणकट यंत्रे दुरुस्त होऊन बाजारात टॅबच्याच किमतीच्या आसपास मिळतात. घेताना डोळे उघडे ठेवावेत. विंडोज १० चा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर त्यावर लिनक्स चालेल, शिकायला ते उत्तमही आहे, पण सॉलिडवर्क्स आणि टॅली चालणार नाहीत हे समजून घ्यावे. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, एसएसडी हवीच. बॅटरी किती उरली आहे ते दुकानातच तपासावे आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी. अशा बहुतेक लॅपटॉपची रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड पुढे सुटे बदलता येतात. टॅबची बॅटरी आत चिकटवलेली असते आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबला नव्या आवृत्त्या मिळणे दोन-तीन वर्षांत थांबते.

जागेची अडचण असेल तर लॅपटॉप घ्यावा, जागा असेल तर डेस्कटॉप आणि मोठा मॉनिटर. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो, हा त्याचा या भागापुरता वेगळा गुण.

काही घरांना वापरलेले यंत्रही परवडणार नाही. त्यांच्यासाठी महापालिकेने आणि कारखान्यांनी पुढे यावे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि अशा कंपन्या या पट्ट्यात भरपूर आहेत. त्यांनी शाळांना टॅब वाटण्यापूर्वी महापालिकेच्या अभ्यासिकांत आणि चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीसारख्या गावांत कॉम्प्युटरच्या खोल्या उभ्या कराव्यात. कारखान्यांतून निघणारे जुने लॅपटॉपच त्यासाठी द्यावेत, त्यांत फ्रीकॅड आणि ऑफिसची साधने बसवून द्यावीत. आणि त्या खोल्या रात्री दहापर्यंत उघड्या ठेवाव्यात, म्हणजे फर्स्ट शिफ्ट करून आलेला कंत्राटी कामगारही तिथे बसू शकेल.